भाताच्या खोलीतली मोजणी

१० फेब्रुवारी

उशीर झाला, माफी असावी. ही डायरी नातीने, मोनालीने, वर्ष सुरू होताना माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आबा, रोज लिहा. मनातली काळजी कागदावर काढा, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. मी दिवसभर घरात सगळ्यांना काळज्या ऐकवतो, त्यावर घरच्यांनी काढलेला हा उपाय आहे. एवढं कळण्यापुरता मी शिकलेला आहे. सातवी पास. पुढचं शिक्षण मिठागराने खाल्लं.

जानेवारीभर पानं कोरी राहिली, कारण काय लिहावं याची काळजी होती. आता विषय मिळाला. आमच्या भाताच्या खोलीत प्रयोगशाळा आली आहे.

११ फेब्रुवारी

काल हात दुखला म्हणून थांबलो.

आमचं घर पनवेलमधून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या टोकाला. मागच्या बाजूला भाताची खोली आहे. जाड भिंती, खिडकी नाही. शेत विमानतळात गेलं, भात गेलं, खोली राहिली. मुलगा केतन सिमेंट आणि रेतीचा व्यापार करतो. त्याला तिथे गोण्या ठेवायच्या होत्या. मोनाली त्याची मुलगी. ती म्हणाली, "पप्पा, मला खोली द्या, मार्चपर्यंत."

तिच्या कॉलेजात काळोखाची एक खोली होती. प्राचार्यांनी तिला मोठ्या खिडक्या पाडल्या, जमिनीवर रंगीत गाद्या टाकल्या आणि 'नवविचार कक्ष' अशी पाटी लावली. तिथे मुलं आता झोपतात. बाहेर रस्ता खणलाय, यंत्र दिवसभर थरथरतं. चार वर्षं पोरगी पीएचडी करते आहे. मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार. मोजणी पटली तर पदवी, नाही पटली तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात. हे तिने मला सांगितलं नाही. मी दाराआडून ऐकलं.

यंत्र म्हणजे एक काळा डबा. एका बाजूला काच. आत नखाएवढ्या काचेच्या तुकड्यावर तपकिरी थर. सांडलेला चहा वाळावा तसा. याच्यासाठी पोरगी वाळली.

मी विचारलं, "ह्यात मोजतेस काय?"

"आबा, हे सिलिकॉन. त्याच्या प्रत्येक अणूला चार हात. स्फटिकात सगळे ओळीत उभे असतात, हातात हात घालून. आमच्या थरात ओळ नाही. हळदीच्या मांडवात नाचतात ना, तशी गर्दी. मग कुणाचा तरी एक हात रिकामा राहतो."

"मंग?"

"मग आम्ही तिथे हायड्रोजन देतो. तो रिकामा हात धरतो. तरी काही राहतातच. त्या रिकाम्या हातांत वीज अडकते आणि सोलरचा पत्रा कमी चालतो. किती हात रिकामे, ते मोजायचं."

"मोजन्यापरीस धरायला लावा की."

"आधी किती ते कळायला नको?"

आमच्या भावकीत असं मोजायला कोणी आलं नाही हे बरं. आकडा लिहायला कागद पुरला नसता.

१३ फेब्रुवारी

मोजणीची रीत समजून घेतली. थरावर अगदी मंद उजेड सोडतात. त्याने थरातून इवलीशी वीज वाहते. वीज तेवढीच ठेवायची आणि त्यासाठी उजेड किती लागला ते यंत्र लिहून ठेवतं. जिथे कमी उजेडात काम भागलं तिथे रिकामे हात जास्त. मला वाटलं होतं उलट असेल. पण विचारलं नाही.

मोनाली दुपारी यंत्र सुरू करते आणि कॉलेजात तास घ्यायला जाते, रात्री जेवणवेळेला परत येते. यंत्र आपलं आपण चालतं. दाराला तिने काळे पडदे लावलेत, एकावर एक, आणि पाटी: 'आत येऊ नये.' मला बजावलं, "आबा, आत उजेड नको. बल्ब नको, बॅटरी नको, मोबाईल तर नकोच."

मी हयगय करणारा माणूस नाही. आतला बल्ब स्वतःच्या हाताने काढला. आज तिन्हीसांजेला खोलीत जाताना मोबाईल ओट्यावर ठेवला, खिशातली बॅटरी काढली, काटे चमकणारं घड्याळसुद्धा काढलं, न जाणो. मग दिवा घेऊन आत गेलो. कोनाड्यातल्या देवाला दाखवला, हात जोडले, बाहेर आलो. कशालाही धक्का लावला नाही. पाटी बाहेरच्यांसाठी आहे. घरच्यांना घरात पाटी नसते.

ही आमच्या घरची रीत. धान्याच्या खोलीला आधी दिवा, मग बाकीच्या घराला. माझी बायको हौसा सासरी आली तेव्हापासून तिने चुकवली नाही. आता तिचे गुडघे गेले म्हणून काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं होतं, भात नाही तर दिवा कशाला? ती म्हणाली, "भात नाय म्हनून खोलीनं काय पाप केलं?" मी दिवा उचलला.

१६ फेब्रुवारी

मोनाली जेवली नाही. रोजच्या मोजणीत एक उंचवटा येतोय. रेघ सरळ खाली जायला हवी, ती मध्येच टेंगूळ आल्यासारखी वर उठते. म्हणजे रिकामे हात एकदम वाढल्यासारखे दिसतात. आणि येतो तो रोज संध्याकाळीच.

"बाहेरून काहीतरी येतंय, आबा."

मला तात्काळ समजलं. शेजारी गणूचं वेल्डिंगचं दुकान आहे. संध्याकाळी तो गेटं जोडतो. लगेच गेलो.

"गणू, तुझ्या ठिणग्या माझ्या नातीच्या यंत्रात जातात."

"काका, मधी दोन भिंती हाईत."

"विज्ञानाला भिंती नसतात."

"मंग घराला कशाला बांधल्या?" गणू म्हणाला आणि त्याच्या दुकानातली सगळी माणसं हसली. मी त्याला संध्याकाळी काम बंद ठेवायला लावलं. त्याने ठेवलं. वर म्हणाला, "तुमच्या वयाचा मान म्हनून. विज्ञानाचा नाय."

१८ फेब्रुवारी

गणूचं दुकान बंद, उंचवटा आहेच. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. केतन जेवताना म्हणाला, "सोड ते, बीएड कर." ती ताट ठेवून उठली.

मला झोप नाही. माणसाने काहीतरी करायला हवं. दसऱ्याला आपण कोयता, नांगर, केतनचा टेम्पो, सगळ्यांना ओवाळतो. हे यंत्र पोरीचं अन्न आहे आणि त्याच्याकडे पाठ करून मी रोज एकट्या देवाला दिवा दाखवतो. यंत्राला राग येणारच.

आजपासून यंत्रालाही ओवाळायला सुरुवात केली. काचेच्या बाजूने. देवाला करतो तसं, सावकाश.

२० फेब्रुवारी

लागू पडलं! उंचवटा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आला म्हणे, आणि तो पाहायला मोनालीचे गाईड सत्यजीत सर स्वतः घरी आले. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. घरी येताना ओळखपत्र कशाला हे समजलं नाही. संगणकावर ती रेघ बघून ते खुर्चीतून उठले.

"मोनाली, हा दोष नाही, हा शोध आहे."

"सर, पण डब्यात अंधार आहे. आतल्या थराला संध्याकाळ झालेली कळते कशी?"

"तोच तर शोध!"

सरांनी तीन कप चहा घेतला. मोठा माणूस. मी मनात म्हटलं, ज्याने त्याने आपलं श्रेय घ्यावं, पण ओवाळणं कोणी केलं ते देवाला माहीत आहे.

२३ फेब्रुवारी

सरांनी त्याला नाव दिलं: सायंस्मृती. सूर्य मावळला की थराला आठवण होते आणि आतले हात सुटतात. उंचवटा रोज किंचित पुढे सरकतो, कारण दिवस मोठा होतोय. सर म्हणाले, "आपले पूर्वज तिन्हीसांजेला महत्त्वाचं काम करत नसत, ते काय उगाच? त्यांना पदार्थाचा स्वभाव माहीत होता."

हौसा दाराशी लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आमचं पूर्वज तिनिसांजेला मिठावरनं दमून यायचं. काम करायला अंगात र्‍हायलंय काय?"

सरांनी हेही वहीत लिहून घेतलं. लोकपरंपरा, म्हणाले.

२८ फेब्रुवारी

काल अमावस्या. अमावस्येला आमच्याकडे पाच वातींचा दिवा असतो. देवाला आणि यंत्राला सारखाच मान दिला. परिणाम असा झाला की उंचवटा कागदाबाहेर गेला. सरांनी पंचांग मागवून घेतलं आणि आज विज्ञान दिनाच्या भाषणात सायंस्मृतीत चंद्राचाही वाटा असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. प्राचार्य म्हणाले की नवविचार कक्षातूनच असे शोध निघतात. त्या कक्षात एक मुलगा तेव्हाही झोपलेला होता.

पेपरही पाठवला म्हणे. परदेशात. मोनालीचं नाव दुसरं आहे, सरांचं पहिलं. मी तिला म्हटलं, "हसत का नाहीस?"

"आबा, मला कळत नाहीये ना, म्हणून."

मला तर काहीच कळत नाही. मी किती हसतो.

२ मार्च

केतनने चौकात बॅनर लावला: 'पनवेलच्या कन्येचा जागतिक शोध.' वर नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे. प्रितम शेठ, त्याचा भाऊ, भावाचा मेव्हणा, गॉगल लावलेला कल्पेश. मोनाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. बीएड कर म्हणणारा केतन आता गिऱ्हाइकाला सिमेंट देताना सायंस्मृती समजावून सांगतो. गिऱ्हाईक घाई असूनही ऐकून घेतं, कारण गाडी भरायची असते.

काळजी वाटते. एवढा आनंद घराला सोसेल का?

७ मार्च

गव्हाणला पुतण्याचं लग्न होतं. हळद आणि लग्न दोन्ही. मी आणि हौसा दोघेही गेलो होतो, काल रात्री परत आलो. मोनाली घर सांभाळत होती तरी माझा जीव मांडवात नव्हता.

आल्यावर बघतो तर काय, आम्ही नव्हतो तेव्हा उंचवटा आलाच नाही. रेघ सरळ, गुळगुळीत. सर फोनवर म्हणाले आभाळ आलं असेल. आभाळ नव्हतं. मग म्हणाले थर थकला असेल. मी म्हटलं, आता बघा. संध्याकाळी दुप्पट भक्तीने ओवाळलं. उंचवटा हजर.

मोनाली त्या दोन रेघा शेजारी ठेवून बघत राहिली. मग माझ्याकडे. मग परत रेघांकडे.

८ मार्च

मोनालीने आज तास घेतले नाहीत. संध्याकाळी मागच्या पडवीत शेंगदाणे खात बसली. मला बरं वाटलं, आजोबाला सोबत देते आहे. मी मोबाईल ठेवला, बॅटरी ठेवली, घड्याळ काढलं, दिवा घेतला आणि आत जाऊन आलो. बाहेर आलो तर तिच्या हातातले शेंगदाणे तसेच.

"आबा, तेल की तूप?"

"तेल. तूप सणाला."

"आणि अमावस्येला?"

"पाच वाती. तुला ठाऊक नाय? तुझ्या आजीनं काय शिकवलं तुला?"

ती उठून हौसाकडे गेली. दोघी चुलीजवळ बराच वेळ बोलत होत्या. हौसाचं हसणं ऐकू आलं, पदर तोंडात कोंबून हसते तसं. बायकांचं काही कळत नाही.

१० मार्च

सर आले होते. मी आतल्या खोलीत पडलो होतो, बोलणं ऐकू आलं.

"सर, एकदा खोलीला कुलूप लावून मोजू या. किल्ली माझ्याकडे. घरातलंही कोणी आत जाणार नाही. माझे आबा—"

"तुझ्या म्हाताऱ्याला विज्ञानात आणू नकोस. पेपर गेलाय. समिती येतेय."

"पण सर, चुकलं असेल तर?"

"मोनाली, शंका काढणाऱ्यांच्या पदव्या लांबतात. मी सही करणार आहे की नाही, ते तू ठरव."

मला पोरीचा राग आला. गुरुजनांशी असं बोलतात? आमच्या वेळी गुरुजी छडी मारायचे आणि आम्ही छडी आणून द्यायचो. सर गेल्यावर मी तिला समजावलं. ती म्हणाली, "हो आबा, तुमचं बरोबर आहे. समिती आली की सगळं तुमच्या मनासारखं करू."

शहाणी आहे.

१८ मार्च

आज समिती आली होती. मी सगळं घालवलं. क्रमाने लिहितो.

समितीत तिघे. एक दाढीवाले, ते सबंध वेळ खात होते. दुसरे आपल्या फोनमध्ये होते. तिसऱ्या वेणू मॅडम, बंगळूरच्या, केस पांढरे, पायात साध्या चपला. दुपारीच आले. मोनालीने पाहणी लगेच उरकू दिली नाही. म्हणाली, "आजीने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलंय, जेवल्याशिवाय आजी यंत्राला हात लावू देणार नाही." जेवण, मग चहा, मग दाढीवाल्यांना पुन्हा भाकरी. ऊन उतरलं. सर खूश, कारण संध्याकाळ होत होती.

ओट्यावर संगणक ठेवला होता, खोलीतून लांब वायर काढून. रेघ सगळ्यांसमोर हळूहळू पुढे जात होती. आत यंत्र एकटंच. मला दिव्याची चिंता. पाहुणे समोर असताना उठून जावं कसं? मी मोनालीला खुणेने विचारलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, तुमी रोज करता तसंच करा. कोणी कितीही मोठं असू दे, घरचा दिवा थांबवायचा नाय."

एरवी ती माझ्याशी पुस्तकासारखं बोलते. आज हौसासारखी बोलली. मला भरून आलं.

स्वयंपाकघरातून मागच्या दाराने गेलो. मोबाईल, बॅटरी, घड्याळ, सगळं काढून. कोनाड्याला दिवा दाखवला. यंत्रापुढे उभा राहिलो आणि ओवाळलं. बाहेर सरांचा आवाज घुमला, "आला! बघा, आला! सूर्य टेकला आणि थर जागा झाला!" टाळ्याही ऐकू आल्या. मला वाटलं, दिवस चांगला आहे, हात आखडू नये. आणखी एकदा ओवाळलं.

"दुसरा!" सर ओरडले. "असा दुहेरी प्रथमच! तुमचं भाग्य आहे!"

मी तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि पडदा सरकला. दारात वेणू मॅडम.

त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. हातात दिवा.

"नमस्कार," मी म्हणालो. "पाटी बाहेरच्यांसाठी आहे, पण तुम्ही पाहुणे."

"आजोबा, तुम्ही रोज हा दिवा इथे आणता?"

मला वाटलं माझ्या निष्ठेची चौकशी चालली आहे. ताठ उभा राहून सांगितलं, "रोज. तिन्हीसांजेला. एक दिवस चुकवला नाही. गव्हाणला लग्नाला गेलो होतो तेवढाच खाडा."

"आणि अमावस्येला?"

"पाच वाती."

मॅडम रिकाम्या कणगीच्या कडेला टेकल्या आणि हसल्या. डोळ्यांतून पाणी येईतो. तोवर सगळे दारात जमले होते. सर पुढे झाले. "याचा काहीही संबंध नाही. दिव्याचा उजेड तो केवढा!"

"तुमच्या थरावर तुम्ही काजव्याहून मंद उजेड सोडता," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यापुढे हा दिवा म्हणजे दुपारचं ऊन. यंत्र आपला उजेड कमी करतं आणि तुम्ही लिहिता की दोष वाढले." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, आणखी एकदा ओवाळा. सर बाहेर जाऊन बघतील."

सर जायला तयार नव्हते. दाढीवाल्यांनी त्यांना हाताला धरून नेलं. मी ओवाळलं. या वेळी बाहेरून कोणीही ओरडलं नाही.

परत ओवाळायला सांगितलं, ओवाळलं. दाढीवाल्यांनी बाहेरून सांगितलं, दोन्ही वेळा उंचवटा आला. चार वर्षांची मेहनत मी रोज तेल घालून जाळत होतो हे तेव्हा कळलं. सर म्हणाले मुलीने त्यांना अंधारात ठेवलं. मोनाली म्हणाली, "सर, दहा तारखेला मी कुलूप लावू या म्हटलं होतं." सरांना आठवेना. मी म्हणालो, "म्हणाली होती. मी ऐकलं. तुम्ही सहीचं बोललात आणि मी उलट तिलाच रागावलो." सर ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घालू लागले.

जाताना वेणू मॅडम मोनालीला म्हणाल्या, "जेवण लांबवलंस ते बरं केलंस." हौसाच्या भाकऱ्या सगळ्यांनाच आवडतात.

१९ मार्च

मोनालीच्या पाया पडायला गेलो. तिने मला वरच्या वर धरलं आणि हसत सुटली, मग रडली, मग परत हसली. डोक्यावर परिणाम झालाय की काय अशी भीती वाटते.

केतन बोलत नाही. बॅनर काढायला गेला तर प्रितम शेठ म्हणाला, माझा फोटो आहे, महिनाभराचे पैसे ठरलेत, राहू दे. बॅनर तसाच आहे.

२१ मार्च

निकाल असा की सरांचा पेपर परत मागवायचा. सर म्हणतात ते आता दुसऱ्या विषयाकडे वळणार आहेत, समुद्राच्या भरतीचा मनावर होणारा परिणाम. मोनालीची नोंदणी रद्द नाही. पण तिने मोजणी पहिल्यापासून करायची, वेणू मॅडमच्या प्रयोगशाळेत, बंगळूरला, ऑक्टोबरपर्यंत. तिथे नाही जमली तर संपलं. मॅडम गोड नाहीत. जाताना स्वच्छ म्हणाल्या, "थर चांगले असतील असं मी गृहीत धरत नाही. आकडा काय येतो ते बघू."

२४ मार्च

गेली. आपले थर स्टीलच्या डब्यात, काळ्या कापडात बांधून. तिकीट तपासणाऱ्याने डबा उघडायला सांगितला तर उघडू नको, असं मी तिला खूप वेळा सांगितलं. "खायचं आहे म्हणून सांग," म्हटलं. "खायचं असेल तर तो उघडणारच, आबा," ती म्हणाली.

२ एप्रिल

मोनाली,

हे पान तुला लिहितोय. फोनवर तू "हो आबा, बरं आबा" म्हणतेस आणि फोन आजीला द्यायला सांगतेस. म्हणून मी समजून होतो की तू रागावली आहेस, आणि तो राग रास्त आहे.

आज सकाळी आजी करंदी मासळी साफ करत होती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो की पोरीच्या आयुष्याचं मी वाटोळं केलं. ती मान वर न करता म्हणाली, "पुरं आता. पोरीला सगलं म्हाईत व्हतं. समिती यायच्या आधीच मना बोलली, आजी, आबांना थांबवू नको, काय सांगू नको, भाकऱ्या जास्त कर."

"मंग मना का नाय सांगितलं?"

"तुमाला? तुमी रातोरात सरांच्या दारात जाऊन पाया परले असते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. दुपारभर शोधलं. नाही सुचलं, कारण मी खरंच गेलो असतो. छडीसुद्धा घेऊन गेलो असतो.

म्हणजे तुला सरांना खोटं म्हणता येत नव्हतं आणि खोट्यावर सहीही करायची नव्हती, म्हणून तू मला हातात दिवा देऊन मोठमोठ्या माणसांसमोर उभा केलास. माझ्याच घरात, मला न विचारता. मी रागावलो आहे. किती, ते अजून ठरलेलं नाही. मध्येच हसू येतं आणि मोजायचं राहून जातं. गणूला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मी सांगत व्हतो भिंती हाईत म्हनून." त्याची माफी मागितली. त्याने घेतली, पण चार लोकांना बोलावून घेतली.

मॅडमनी पहिला आकडा या आठवड्यात येईल असं सांगितलं होतं, असं आजीकडून कळलं. आला असेल. वाईट आला असेल म्हणून तू लपवते आहेस अशी एक शंका, आणि चांगला आला असेल पण यंत्रात पुन्हा काहीतरी शिरलं असेल अशी दुसरी. तिथल्या इमारतीत कोणी म्हातारा माणूस राहत नाही ना, हे एकदा बघून घे.

सरांसारखं काही अचाट निघालं नाही म्हणून खंत करू नकोस. जगात सगळ्यांचा येतो तसाच तुझाही साधा आकडा आला तर घरात कुणाची हरकत नाही. तुझा बाप त्याचा बॅनर लावणार नाही, हाच एक फायदा धर. आणि जमलंच नाही, तर तसं लिही. इथे तुझी खोली तशीच आहे, गोण्या मी आत येऊ दिलेल्या नाहीत.

हे पान फाडून उद्या पोस्टात टाकतो. पोचलं की लगेच कळव, चार ओळी पुरतील. आजीला नको सांगूस. या वेळी आधी मला.

तुझा,
काशीराम आबा